खकनारच्या पाहुण्यांना शहर दाखवलं तेव्हा

घर दाखवायला नव्हतं, म्हणून शहर दाखवायचं ठरलं. कल्पना काकूंची. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलं इंदूरला, आणि एखादी गोष्ट डोक्यात आली की ती तडीला नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात माझं लग्न आलं होतं.

मी इचलकरंजीकडचा. आठवीत शाळा सुटली. सोडली असं मी म्हणत नाही. वडील गेले, घरात मिळवतं कुणी उरलं नाही, आणि एका सकाळी दप्तराच्या जागी डबा घेऊन यंत्रमागावर गेलो. पुढं माग दुरुस्त करायला शिकलो आणि एका ओळखीच्याचं बोट धरून इकडं बुऱ्हाणपुरात आलो. इथं लूमच्या कारखान्यात जॉबर आहे. जॉबर म्हणजे माग अडला की ज्याच्या नावानं आरडाओरडा होतो तो माणूस.

स्थळ खकनारच्या अलीकडच्या एका खेड्यातलं होतं. केळी-कापसाचं घर, एकुलती एक मुलगी, बारावी झालेली. तिचं एकदा लग्न ठरून मोडलं होतं, त्यामुळे वडील आता दुधानं तोंड पोळल्यासारखे जपून पाऊल टाकत होते, असं काकू म्हणाल्या. मुलगी बघायला आपण जायचं नाही, आधी ते मुलाला बघणार.

"त्यांना बसवायचं कुठे?" काकू म्हणाल्या. "माझ्या दिवाणखान्यात बसवलं तर ते घर तुझं समजतील. ती फसवणूक. तुझ्या खोलीत बसवलं तर निम्मे लोक जिन्यावर बसतील."

"मग काय करायचं?"

"फिरवू या. स्टेशनजवळ बोर्ड लागलाय ना, गाइडसकट बुऱ्हाणपूर दर्शन, शेवटी खरेदी. अर्ध्या दिवसाचं काम. समोरासमोर बसून चहा पिताना कुणीही शहाणं दिसतं. चालायला लागलं, घाम आला, की माणूस कळतो."

"पण काकू, ती माणसं इथलीच. दर आठवड्याला केळी घेऊन येतात. त्यांना मी बाहेरचा माणूस बुऱ्हाणपूर काय दाखवणार?"

"इथलीच आहेत म्हणून तर काही पाहिलं नसेल. मी जन्म इथे काढला. हमाम दोनदा पाहिला, तोही मुलांची सहल नेली म्हणून."

काकूंपुढे मी तसाही फार बोलत नाही. मला टायफॉइड झाला होता तेव्हा त्यांनी पातळ भात करून गच्चीवर आणून दिला होता, आणि ताट परत न्यायलाही त्याच आल्या होत्या. अशा माणसाला नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं?

मला हे लग्न व्हायला हवं होतं, हे उघडच सांगतो. मुलीचा फोटो पाहिला होता, पण फोटोवरून काय कळतं. कारण वेगळं होतं. इतकी वर्षं या गावात राहून मी अजून पाहुण्यासारखाच वावरत होतो. कुणाच्या ओट्यावर बसलो तर पाठ न टेकता बसायचो. सणाला बाजारात गर्दी झाली की मी खोलीत. आई तिकडं, गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. तिला इकडं आणायचं तर इथं घर हवं, आणि एकट्या माणसाच्या दहा बाय दहाच्या खोलीला कुणी घर म्हणत नाही. हे स्थळ गेलं तर काकू दुसरं बघतील, पण माझ्यात पुन्हा उभं राहायची ताकद नव्हती.

त्या दिवशी सकाळी काकूंनी एकच सूचना दिली. "हळू बोल."

मागावर काम करणाऱ्यांचा आवाज चढलेलाच असतो. आत खडखडाट इतका की कानाशी ओरडलं तरी पुरत नाही, म्हणून आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलतो. बाहेर आलं तरी सवय जात नाही. मी कुणाशी प्रेमानं बोललो तरी शेजारच्यांना वाटतं भांडण लागलं.

मार्च संपत आला होता. सकाळी नऊलाच ऊन अंगावर यायला लागलं होतं. व्हॅन स्टेशनबाहेर उभी होती, आणि गाइड म्हणून आलेला माणूस काळा चष्मा लावून पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसला होता. ते तिघं बसमधून उतरून आले. वडील पांढऱ्या टोपीतले, मिशा भरघोस. आई बुटकी, हातात पिशवी. आणि मागं ती, हिरव्या कुडत्यात, उन्हामुळं डोळे बारीक करून.

"तुम्हीच का ते कोल्हापूरकडचे?" वडिलांनी विचारलं.

"व्हय. म्हणजे हो. इचलकरंजी."

"लय लांब आहे."

"हो, लांब आहे," मी म्हणालो. जसं काही ते मीच तिथं नेऊन ठेवलं होतं.

गाइडला कुणी सांगितलंच नव्हतं की ही बघाबघी आहे. त्याला आम्ही एकाच घरातले वाटलो. कुंडी भंडाऱ्याशी गाडी थांबली तसा तो उतरला आणि हात हलवत म्हणाला, "भैया, भाभीजी को इधर से लाइए, उधर काँटे हैं."

माझे कान इतके तापले की टोपी असती तर जळली असती. काकू ठामपणे म्हणाल्या, "अजून भाभीजी नाही. तुम्ही माहिती सांगा."

"सॉरी सॉरी," तो म्हणाला आणि लगेच माहितीवर आला. "तो ये जो सामने विहिरी दिसतात ना एका ओळीत, या विहिरी नाहीत. खाली पूरी सुरंग आहे. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून येतं. बादशहाच्या जमान्यापासून. बिना मोटर, बिना बिजली!"

"बिजली आमच्याकडं बी नसते," मुलीचे वडील म्हणाले. "पन मग पाणी बी नसते."

काकू हसल्या, गाइड हसला, मी जरा उशिरा आणि जास्तच हसलो. खाली नेणारा पाळणा त्या दिवशी बंद होता, तेव्हा आम्ही वरूनच त्या गोल तोंडांत डोकावलो. आतून गार वाफ तोंडावर आली. तिथल्या माणसानं बादलीनं पाणी काढलं. मी त्याच्या हातातून तांब्या जवळजवळ ओढून घेतला आणि वडिलांपुढे केला. ते ओंजळीनं प्याले. मिशा पुसल्या.

"गोड आहे हो. घे वं, तू बी घे," ते बायकोला म्हणाले. तीही प्यायली.

माझा जीव भांड्यात पडला. आमच्याकडं पाहुण्यानं पाणी घेतलं की बोलणं पुढं सरकतं. आणि न घेता उठला, तर कुणी काही बोलत नाही, पण घरातल्या बायका भांडी जरा जोरात आपटायला लागतात. सगळ्यांना कळलेलं असतं.

गाडीत मी मागच्या सीटवर होतो. माझे पाय एका जागी राहीनात. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. मुलगी माझ्या पुढच्याच सीटवर होती. एकदा तिनं मागं वळून पाहिलं. वारा लागत असेल म्हणून मी खिडकी लावली. मग वाटलं उकडत असेल, म्हणून पुन्हा उघडली.

शाही किल्ल्यात गाइड भराभर चालत होता. त्याला पुढची दुसरी गाडी घ्यायची असावी. हमाम म्हणजे बादशहाच्या बेगमेचं न्हाणीघर. वर घुमटाला फुलापानांची चित्रं, मधे दगडी हौद. तो बोट वर करून रंग कसे टिकले ते सांगत होता, आणि मुलीची आई माझ्या काकूंना हळूच म्हणत होती, "एवढं मोठं न्हानीघर! घासाले किती बाया लागत असतीन?"

तेवढ्यात वडील माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. घुमटाकडे बघतच त्यांनी विचारलं, "घरी आई एकटीच राह्यते?"

"हो."

"मग उद्या लग्न झालं तं पोरीले तिकडं नेसान?"

या प्रश्नाची मी आठवडाभर तयारी केली होती. नाही, मी इथंच राहणार, असं ठाम उत्तर काकूंनी पाठ करून घेतलं होतं. पण ऐन वेळी आई एकटी दारात बसलेली दिसली, आणि आतून निघालं ते हे:

"सांगता येत न्हाई काका! आई थकली तर जावंच लागंल! पण तिलाच हिकडं आणायचा इचार हाय माझा!"

हळू बोलायचं राहून गेलं. आवाज घुमटात गेला, फिरला आणि खाली आला. दुसऱ्या कोपऱ्यात कुठल्यातरी शाळेच्या बाईंबरोबर मुलींची रांग चालली होती, ती सगळी रांग थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. माझी आई, तिचं थकणं, सगळं त्या भिंतींवरून परत परत ऐकू आलं.

"सर," गाइड म्हणाला, "इधर आवाज घूमता है."

"आता सांगतोस होय?" काकू म्हणाल्या.

मुलगी ओढणी तोंडाला लावून हसत होती. वडील हसले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले आणि तिला घेऊन बाहेर तापीच्या अंगाला गेले. तिची आईही मागं गेली. तिघं कठड्याशी उभे राहिले. मी या टोकाला, एका खांबाशेजारी. जावं की न जावं ते कळेना, म्हणून बुटाची लेस सोडून बांधायला बसलो.

मुलीची पाठ माझ्याकडे होती. वडिलांनी तिला काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं असावं. ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. नदी उन्हाळ्याची, मधूनमधून खडक वर आलेले. मग ते बायकोकडे वळले, आणि त्यांचा चेहरा माझ्यासमोर आला. मी ऐकायला गेलो नव्हतो. पण ओठ दिसले की माझ्यासारख्याला ते वाचावे लागत नाहीत, आपोआप कळतात. ते म्हणाले, "आता यांचं पाणी बी नको." आईनं मान हलवली.

मी लेस धरून तसाच बसलो. मोडलं. एका वाक्यात मोडलं, आणि ते वाक्य मीच त्या घुमटात जाऊन ओरडलो होतो.

तरी माणसाचं मन बघा. मला वाटलं, वाचताना चूक झाली असेल. गाडीशी आल्यावर मी थंड पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून वडिलांपुढे धरली.

"नको, राहू द्या."

"गार आहे."

"नाही, नाही. तहान नाही."

तहान नाही म्हणणाऱ्या माणसाच्या कपाळावरून घाम मिशीत उतरत होता. मी बाटली आईपुढे केली. त्यांनी हात जोडले. पाण्याला हात जोडणं मी पहिल्यांदा पाहिलं.

मुलीनं मात्र हात पुढे केला आणि बाटली घेतली. तोंड न लावता वरून घटाघटा प्यायली, निम्मी संपवली, झाकण लावून परत दिली. मला वाटलं, दया आली असेल. किंवा नुसती तहान. तरुण माणसाला तहान जास्त लागते.

रस्त्यात रसाची गाडी दिसली. मी व्हॅन थांबवायला लावली. वडील माझ्याआधी उतरले, सदऱ्याच्या खिशात हात घालत म्हणाले, "पाच गिलास करा भौ." मी धावत गेलो आणि त्यांचा हात खिशातून बाहेर यायच्या आत पैसे दिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रसवाल्यानं पुढे केलेला ग्लास त्यांनी हातात घेतला होता, तो परत फळीवर ठेवला.

"घ्या ना काका!"

"मले रस बाधतो."

मग मागवला कशाला? तो ग्लास गाइडनं प्याला. आईचा ग्लासही त्यानंच प्याला. मुलगी तिचा ग्लास घेऊन सावलीत उभी राहून चवीनं पीत होती, आणि बापाकडे बघून तिला हसू येत होतं. मला त्या हसण्याचा राग आला, खोटं कशाला बोलू.

मी काकूंना बाजूला घेतलं. "काकू, बिनसलं."

"काय बिनसलं?"

"पाणी घेईनात ते. किल्ल्यापासून. पाठ केलेलं मी बोललो न्हाई, त्याचं—"

"असू दे," काकू म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "तू त्यांना पाजायचं सोड बघू."

ज्या बाईनं मला आजारपणात भरवलं ती असं म्हणते म्हटल्यावर मला वाईट वाटलं. पण मनात आलं, यांनी तरी किती करायचं माझ्यासाठी. यांचीही हौस फिटली असेल.

काळा ताजमहाल आम्ही कसा पाहिला ते मला आठवत नाही. काळपट दगडाची छोटीशी वास्तू, मोकळ्या मैदानात. गाइड सांगत होता, लोक फोटो काढत होते. मी एवढंच बघत होतो की वडील सारखे ओठांवरून जीभ फिरवतात, आणि पाण्याच्या नळाशी गेले तर नळाला पाणी नाही. बाहेर चहाची टपरी होती. ते तिकडे निघाले. मीही निघालो. मी भरभर चाललो, ते आणखी भरभर चालले. टपरीशी आम्ही जवळजवळ बरोबरच पोचलो, आणि मी लांबूनच ओरडलो, "पैसे माझ्याकडून घ्या!" ते तिथूनच माघारी फिरले. चहावाला म्हणाला, "क्या हुआ, उधारी है क्या?"

शेवटी खरेदी. गाइडनं एका दुकानापुढे गाडी लावली. "इथे बुऱ्हाणपूरची सगळी निशाणी मिळेल. जलेबी, दराबा, केळ्याच्या धाग्याचं सामान. आराम से बघा."

दुकान अर्धं मिठाईचं, अर्धं शोभेच्या वस्तूंचं. एका बाजूला मोठ्या कढईत माव्याची जिलबी तळत होते, काळीसावळी, जाडजूड. काचेआड दराबा होता, रव्या-तुपाचा. दुसऱ्या बाजूला केळीच्या खुंटाचा धागा काढून विणलेल्या पिशव्या, टोपल्या, चटया. वडिलांनी एक टोपली उचलून उलटीसुलटी केली.

"हे केळीचं खोड आहे?"

"जी बाबूजी. हातानं विणलेलं. बाहेरगावचे लोक आठवण म्हणून नेतात."

"हे तं आम्ही बांधावर फेकतो. वरून फेकायची मजुरी देतो." ते बायकोकडे वळले. "पाहून घे. आपल्या बांधावर किती निशाण्या सडू राह्यल्या."

दुकानातले सगळे हसले. मी हसू शकलो नाही. मला वाटत होतं, आता ही माणसं बसमध्ये बसतील आणि जातील, आणि दोन दिवसांनी काकूंना फोन येईल की पत्रिका जुळत नाही. निदान रिकाम्या हातानं जाऊ नयेत. मी काउंटरवर गेलो आणि जिलबी, दराबा, सगळं दोन दोन डबे बांधायला सांगितलं.

"कोणासाठी?" वडील मागून म्हणाले.

"तुमच्यासाठी. घरी न्यायला."

"नाही नाही. ते काही नको."

"न्या ओ. गावात वाटा."

"अहो नाही चालत. ठेवा ते." त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "भैया, मेरा अलग बाँधो. और एक पानी की बोतल दो, ठंडी."

पाण्याचं नाव ऐकलं आणि माझा हात आपोआप खिशात गेला. बाटली काउंटरवर आली तोवर माझी नोट तिच्यापुढे होती. वडिलांनी बाटलीकडे पाहिलं. नोटेकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि बाटली हळूच लांब सरकवली.

आणि मग मला राहवलं नाही.

"काका!" मी म्हणालो. मागांच्या खडखडाटात म्हणतात तसंच म्हणालो. "माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा! नाही तर नाही म्हणा! पण तहानेलं माणूस माझ्या हातचं पाणी घेत न्हाई, हे मला बघवत न्हाई!"

कढईवरचा माणूस झारा हातात धरून थांबला. दुकानात आलेली दुसरी गिऱ्हाइकं भिंतीला लागली. काकूंनी कपाळाला हात लावला.

वडील माझ्याकडे बघतच राहिले. "चुकलं?" ते म्हणाले. "पाव्हणे, तहानेनं जीव चालला माझा, आणि वरून तुम्हीच मले इचारता काय चुकलं?"

"मग घेत का न्हाई?"

"कसं घेऊ? आमच्यात पोरीच्या सासरचं पाणी पेत नाही."

मला एकदम समजलं नाही. सासर कुठलं? कुणाचं?

"तिकडं किल्ल्यात पोरगी हो म्हनली," ते म्हणाले. "तवापासून तुमचं पाणी बंद झालं मले. विकत घेतलेलं चालते, पन तुम्ही घेऊ देसान तं ना! जिथं खिशात हात घालतो तिथं तुमचा हात आधी. रस गेला, चहा गेला. आता बाटली बी गेली."

"आधी एकदा मोडलंय ना," मुलीची आई काकूंना म्हणाली, "म्हनून घरी जाऊन, भावकीत बसून, मग कळवू म्हनत होते. रस्त्यात तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं."

"आता उघडलं," वडील म्हणाले. "काय करता, माणसं भिंतीले लागली."

मी काकूंकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"किल्ल्याबाहेर त्यांनी तुझं पाणी नाकारलं तेव्हाच कळलं. मी सांगायचं नसतं. ते मुलीच्या बापाच्या तोंडून यायला लागतं," काकू म्हणाल्या. "तुला म्हटलं होतं ना, पाजायचं सोड."

गाइड मध्येच पुढे आला. "मतलब अब भाभीजी बोल सकता हूँ?"

"बोला," ती म्हणाली. दिवसभरात सगळ्यांसमोर तिनं उच्चारलेला तो पहिला शब्द होता. मग तिनं काउंटरवरची माझी नोट उचलली, माझ्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाली, "खिशात ठेवा. आणि हातही खिशात ठेवा थोडा वेळ. पप्पांना पाणी पिऊ द्या."

मी हात खिशात घातले. वडिलांनी आपले पैसे काढले, मोजून दुकानदाराला दिले, झाकण फिरवलं आणि बाटली तोंडाला लावली. अख्खी बाटली संपली. मला मात्र ते तसं उभं राहणं जमत नव्हतं. म्हातारा माणूस पैसे देतोय आणि आपण बघतोय, आमच्या घरी हे शोभलं नसतं. पायाची बोटं बुटात वळवळत होती.

तिनं केळीच्या धाग्याची एक पिशवी निवडली. "तुमच्या आईंना," म्हणाली. "याचे पैसे मी दिलेत. मध्ये पडू नका."

"तुला हो का म्हणावंसं वाटलं?" मी विचारलं. माझ्या मानानं हळू विचारलं, तरी कढईवाल्यानं ऐकलं.

"मागच्यानं सगळं हळू आवाजात सांगितलं होतं," ती म्हणाली. "एकदम छान छान. निघालं सगळं दुसरंच. तुम्ही तर अख्ख्या किल्ल्याला सांगून टाकलं. आता फिरवायची सोय नाही."

एवढ्यात माझा फोन वाजला. आईच. सकाळपासून तिनं कसा धीर धरला होता कोण जाणे. मी दुकानाच्या पायरीवर आलो. बाकीचे पिशव्या घेऊन मागं आले.

"आलं का पाव्हणं?" आई तिकडून म्हणाली. "चेहरा कसा हाय त्यांचा? पाणीबिणी घेतलं का?"

"न्हाई घेतलं आई, पण—"

"न्हाई घेतलं?" तिचा आवाज फोनच्या बाहेर पडला. "आरं देवा. वरडून बोललास व्हय?"

"वरडलो. पण ऐक की, पाणी घेतलं न्हाई म्हणजेच—"

"आता काय ऐकू! पाणी न घेता गेल्यात आणि ऐक म्हणतोस! काकूंना दे फोन."

वडिलांनी माझ्यापुढे हात केला. "इकडं द्या. इहीणबाईंशी मी बोलतो."

मी फोन दिला. त्यांनी तो कानापासून वीतभर लांब धरला आणि खकनारच्या शेतातून पलीकडच्या शेतात हाक मारावी तसे म्हणाले, "राम राम! मी पोरीचा बाप बोलू राह्यलो. पाणी नाही पेलो मी! म्हनूनच तं बोलू राह्यलो!"

पलीकडून आई म्हणाली, "आँ? का प्याला न्हाईसा?"

"पेत नाही आम्ही!"

"कधीच?"

"आता कधीच नाही!"

"आवं मग जगता कसं?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हनते?" आणि माझं उत्तर न ऐकताच पुन्हा फोनमध्ये सुरुवातीपासून सांगायला लागले. आईला त्यांची भाषा कळत नव्हती, त्यांना आईची. दोघंही समजूत पडावी म्हणून आवाज चढवत होते. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघत होते. मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. फोन परत मागावा तर उद्धटपणा, न मागावा तर आई तिकडं रडायला लागेल. मी हात पुढे केला, मागं घेतला.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "राहू द्या," म्हणाली. "बोलू द्या त्यांना. सवय व्हायला नको का?"